मूल वाचत असताना डोळा नेमका कुठे फोकस करतो? जवळची रेटिनोस्कोपी पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

चौथीतला मुलगा. दोन्ही डोळे ६/६. तक्रार आईची: "दहा मिनिटं वाचलं की डोळे चोळतो, ओळ सुटते, संध्याकाळी कपाळ दुखतं म्हणतो." अशी मुलं ओपीडीत नेहमी येतात आणि "डोळे उत्तम आहेत, अभ्यासाचा कंटाळा असेल" हे ऐकून परत जातात. मला या वाक्याचा फार त्रास होतो. ६/६ म्हणजे त्या मुलाला सहा मीटरवरचा तक्ता वाचता येतो, एवढंच. पुस्तक सहा मीटरवर नसतं.

पुस्तकाच्या अंतरावर डोळा काय करतो हे बघण्याची दोन मिनिटांची चाचणी आहे. मोठं यंत्र लागत नाही आणि मुलाला "आता बरं दिसतं की मगाशी?" असं विचारावंही लागत नाही. तिचं नाव डायनॅमिक रेटिनोस्कोपी: रेटिनोस्कोप या हातातल्या दिव्याने बाहुलीवर प्रकाशाची रेघ (स्ट्रीक) फिरवायची आणि आतून परत येणारी चमक (रिफ्लेक्स) कशी सरकते ते, मूल वाचत असतानाच, बघायचं. तिच्या दोन पद्धती रोजच्या कामात उपयोगी पडतात: एमईएम (मोनॉक्युलर एस्टिमेशन मेथड, यात भिंगाने मोजतात, पायऱ्या ३ ते ८) आणि नॉट (यात अंतराने मोजतात, पायरी ९). बी.ऑप्टोम किंवा डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांना आणि नुकतीच प्रॅक्टिस सुरू केलेल्यांना जिथे हमखास अडखळायला होतं, तिथे या लेखात मी जास्त वेळ थांबले आहे.

आधी डोक्यात चित्र पक्कं करा

दहावीच्या विज्ञानात आपण समायोजन शक्ती शिकलो: जवळचं बघताना डोळ्यातलं भिंग फुगतं आणि त्याची ताकद वाढते. कार्ड ४० सेंमीवर असेल तर गरज १ भागिले ०.४०, म्हणजे २.५० डायॉप्टरची. ३३ सेंमीवर ३.००, २५ सेंमीवर ४.००.

पण निरोगी डोळासुद्धा सहसा पूर्ण २.५० लावत नाही, साधारण २.०० वर थांबतो. तेवढ्यात अक्षर पुरेसं स्पष्ट दिसतं, कारण फोकसला थोडी खोली असते. म्हणजे कार्ड ४० सेंमीवर आणि डोळ्याचा फोकस ५० सेंमीवर, कार्डाच्या थोडा मागे. या तफावतीला लॅग म्हणतात. उलट डोळा गरजेपेक्षा जास्त जोर लावत असेल आणि फोकस कार्डाच्या अलीकडे येत असेल, तर ती लीड.

तुमचा रेटिनोस्कोप कार्डाच्याच पातळीवर असतो. फोकस तुमच्या मागे असेल तर बाहुलीतला प्रकाश स्ट्रीकसोबत सरकतो, म्हणजे विथ. फोकस तुमच्या अलीकडे असेल तर उलट सरकतो, म्हणजे अगेंस्ट. फोकस बरोबर कार्डावर असेल तर न्यूट्रल. एवढं पक्कं असलं की बाकी पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

साहित्य

- स्ट्रीक रेटिनोस्कोप, स्लीव्ह (दांड्यावरची सरकती कडी) प्लेन मिररच्या स्थितीत, म्हणजे झोत पसरत जाणारा. ही स्थिती कुठे स्लीव्ह वर केल्यावर येते तर कुठे खाली, म्हणून आपल्या यंत्राची खात्री एकदा करून ठेवा.
- मध्ये भोक असलेलं वाचनाचं कार्ड
- ट्रायल बॉक्समधली सुटी भिंगं: +०.२५ ते +२.००, आणि -०.२५, -०.५०, -१.००
- ट्रायल फ्रेम (सुटी भिंगं बसवायची चौकट) किंवा मुलाचा रोजचा चष्मा
- मोजपट्टी किंवा गाठी मारलेली दोरी (नॉटसाठी)
- कार्डावर उजेड पाडणारा दिवा

कार्डाबद्दल जरा सविस्तर. तयार मिळणारी कार्डं बहुतेक इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातल्या तिसरीच्या मुलीपुढे ते धरलं की ती त्याकडे नुसती बघत बसते, वाचत नाही. जो डोळा वाचत नाही तो फोकसही सैल सोडतो. मग लॅग मोठा येतो आणि आपण त्या मुलीला नसलेला दोष चिकटवतो. म्हणून कार्ड घरी करा. जाड पांढऱ्या कागदाच्या मध्यभागी साधारण दीड सेंटिमीटरचं भोक पाडा आणि त्याला अगदी खेटून चारी बाजूंनी शब्द छापा. पहिली-दुसरीसाठी कमळ, बदक, घर. तिसरी-चौथीसाठी रस्ता, चंद्र, पुस्तक, पक्षी. मोठ्यांसाठी बारीक अक्षरातला छोटा उतारा. मुलाच्या इयत्तेच्या बालभारतीतले शब्द घेतलेत तर काठिण्य आपोआप जुळतं. अक्षराचा आकार एन ८ (जवळच्या वाचनतक्त्यावरचं माप) च्या आसपास ठेवा. वाचता न येणाऱ्या मुलांसाठी बारीक तपशिलांची चित्रं घ्या. इंग्रजी माध्यमातलं मूल देवनागरी अडखळत वाचत असेल तर त्याला इंग्रजीच कार्ड द्या. मूल खुर्चीत बसण्याआधी माध्यम आणि इयत्ता विचारून घ्या.

१. ड्रॉप्स नंतर, ही चाचणी आधी

आपल्याकडे लहान मूल आलं की बऱ्याच ठिकाणी होमॅट्रोपिन किंवा सायक्लोपेंटोलेट घालून बसवतात आणि मग तपासणी सुरू होते. हे थेंब समायोजनच थांबवतात. त्यानंतर डायनॅमिक रेटिनोस्कोपी करणं म्हणजे झोपलेल्या माणसाची धाव मोजणं. सायक्लोपेंटोलेटचा परिणाम दिवसभर राहू शकतो आणि होमॅट्रोपिनचा एक ते तीन दिवस. नोंदणीच्या टेबलावरच्या ताईंशी बोलून ठेवा: वाचनाची तक्रार असेल तर थेंब घालण्याआधी फाइल तुमच्याकडे यायला हवी. कामाची ही सवय लागायला मला बरेच महिने लागले, आणि त्या काळात मुलांना दुसऱ्यांदा बोलवावं लागलं. कुणी परगावाहून आलेलं असेल तर दुसरी फेरी म्हणजे पालकांचा एक दिवसाचा रोज बुडतो.

२. लांबचा नंबर लावूनच सुरुवात करा

मुलाला -२.५० चा नंबर आहे आणि तुम्ही चष्म्याशिवाय ४० सेंमीवर तपासलं, तर न्यूट्रल दिसेल. "छान फोकस करतोय" असं वाटेल. प्रत्यक्षात त्याला फोकस करावंच लागलेलं नाही, त्याचा दूरबिंदूच ४० सेंमीवर आहे. नंबर -३.०० असेल तर ०.५० ची अगेंस्ट दिसेल आणि तुम्ही लीड लिहून मोकळे व्हाल. प्लसच्या मुलात उलटं होतं: न घातलेला प्लस लॅगमध्ये मिसळतो.

म्हणून लांबचं पूर्ण करेक्शन ट्रायल फ्रेममध्ये घाला, सिलिंडरसकट. मूल रोज जो चष्मा घालतं त्यातूनही एकदा बघा, कारण त्याची तक्रार त्या चष्म्यातली असते. कुठलं बघितलं ते लिहा. फोरॉप्टर (चेहऱ्यासमोर धरायचं भिंगांचं मोठं यंत्र) शक्यतो टाळा. त्याच्यामागे मुलाचा चेहरा दिसत नाही आणि ते नैसर्गिकपणे खाली बघत नाही.

३. अंतर आणि बसणं

मुलाला मूठ करून गालाला टेकवायला सांगा. कोपरापासून मधल्या बोटाच्या गाठीपर्यंतचं अंतर हे त्याचं सोयीचं वाचनाचं अंतर मानतात, याला हार्मन अंतर म्हणतात. मोठ्यांत ते साधारण ४० सेंमी येतं, लहान मुलांत कमी. कार्ड रेटिनोस्कोपवर क्लिपने किंवा रबरबँडने अडकवा आणि त्या अंतरावर धरा.

तुमचा डोळा मुलाच्या डोळ्यापेक्षा किंचित खाली असावा, जशी पुस्तक वाचताना नजर उतरते तशी. स्टुलाची उंची त्यासाठी आधीच कमी करा. खोलीतला उजेड नेहमीचा. अंधार करायचा नाही, स्टॅटिकच्या (लांब बघायला लावून नंबर काढायच्या नेहमीच्या रेटिनोस्कोपीच्या) सवयीने हात दिव्याच्या बटणाकडे जातो तो आवरा. दिव्याचा झोत कार्डावर हवा, मुलाच्या डोळ्यावर नको. रेटिनोस्कोपचा प्रकाश मात्र कमी करा. झगझगीत स्ट्रीकने मूल डोळे बारीक करतं आणि बाहुली इतकी लहान होते की रिफ्लेक्स दिसत नाही.

४. वाचायला लावा आणि वाचतं ठेवा

"कार्डावरचे शब्द मोठ्याने वाच बाळा, माझ्या दिव्याकडे बघू नकोस." दोन्ही डोळे उघडे. एमईएमच्या नावात 'मोनॉक्युलर' असल्यामुळे नवखे विद्यार्थी एक डोळा झाकतात. झाकायचा नाही. अंदाज एकेका डोळ्याचा घ्यायचा असतो, बघणं दोन्ही डोळ्यांनीच चालू ठेवायचं.

आवाज हे तुमचं सगळ्यात चांगलं साधन आहे. मूल वाचत असेपर्यंतच तुमचा आकडा खरा. आवाज थांबला की डोळा कुठे गेला हे तुम्हाला ठाऊक नसतं. शब्द संपले तर पुन्हा पहिल्यापासून. चित्राचं कार्ड असेल तर बारीक प्रश्न विचारा: कावळ्याच्या पायाला बोटं किती? फ्रॉकवर ठिपके आहेत की रेघा? "काय दिसतंय?" हा प्रश्न फार ढोबळ आहे, धूसर चित्रातूनही त्याचं उत्तर देता येतं.

५. स्ट्रीक फिरवा आणि अंदाज बांधा

स्ट्रीक उभी ठेवा, डावीकडून उजवीकडे एक-दोन वेळा चटकन फिरवा आणि बाहुलीच्या मध्यभागातली हालचाल बघा. कडेची चमक वेगळी वागते, तिच्यावर निर्णय घेऊ नका. नजर भोकातून, वाचल्या जाणाऱ्या शब्दाला शक्य तितकी जवळ. कडेला सरकून बघितलंत तर आकडा बिघडतो.

विथ मंद, रुंद आणि निस्तेज असेल तर लॅग मोठा. चपळ आणि तेजस्वी असेल तर न्यूट्रल जवळ आलंय. अगेंस्टचंही तसंच.

हा अंदाज बांधायला सराव लागतो, आणि तो मुलांवर करू नये. मित्राला ट्रायल फ्रेम घाला, स्टॅटिकला न्यूट्रल करा, मग +०.५० काढून घ्या आणि ०.५० ची विथ कशी दिसते ते डोळ्यात साठवा. मग +१.०० काढा. आठवडाभर रोज दहा मिनिटं. पुढे तरुण मित्राला कार्ड वाचायला लावा आणि दोन्ही डोळ्यांपुढे +१.०० धरा. आधी दिसणारी विथ न्यूट्रलकडे किंवा अगेंस्टकडे सरकायला हवी. दोन्हीकडे -२.०० धरलं तर विथ वाढायला हवी. हे दोन्ही बदल न सांगता ओळखता आले की मुलं तपासायला घ्या.

६. भिंग आत, बघा, बाहेर

अंदाज +०.५० चा असेल तर +०.५० चं भिंग एका डोळ्यापुढे क्षणभर आणा, एकच स्ट्रीक फिरवा, भिंग काढा. हे अर्ध्या सेकंदात व्हायला हवं. बदललेल्या धूसरतेला समायोजन प्रतिसाद द्यायला सेकंदाच्या साधारण एक तृतीयांशाहून थोडा जास्त वेळ घेतं, मग डोळा त्या भिंगाशी जुळवून घ्यायला लागतो. तुम्ही भिंग धरून निवांत बघत बसलात, तर मोजायची गोष्टच तुम्ही बदलून टाकलेली असते.

अजून विथ दिसली? भिंग बाजूला ठेवा, मुलाला दोन-तीन शब्द वाचू द्या, मग +०.७५. न्यूट्रल दिसेपर्यंत असंच. अगेंस्ट असेल तर मायनस भिंगांनी. मग दुसरा डोळा.

७. वजाबाकी करायची नाही

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून वेगळी पायरी केली. स्टॅटिक रेटिनोस्कोपीत ६७ सेंमीसाठी १.५० आणि ५० सेंमीसाठी २.०० वजा करायचं हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं असतं. इथे तुम्ही आणि कार्ड एकाच अंतरावर आहात आणि प्रश्न फक्त फोकस कार्डापासून किती ढळला हा आहे. न्यूट्रल करणारं भिंग हेच उत्तर. +०.५० ने न्यूट्रल झालं तर लॅग +०.५०.

इंटर्नशिपच्या पहिल्या महिन्यात मी एका मुलीच्या फाइलवर -२.०० लिहिलं होतं. आलेल्या +०.५० मधून २.५० वजा केले होते. फाइल पुढे जाण्याआधी मॅडमनी पाहिली आणि मला शेजारी बसवून आकृती काढायला लावली. ती तशीच पुढे गेली असती तर धडधाकट डोळ्यांच्या मुलीवर फोकस आखडल्याचा शिक्का बसला असता. आकृती काढल्यापासून ती चूक माझ्याकडून झाली नाही, म्हणून तुम्हीही ती एकदा स्वतःच्या हाताने काढाच.

८. आकडा कसा वाचायचा

साधारण +०.२५ ते +०.७५ हे अपेक्षित. +१.०० किंवा जास्त म्हणजे लॅग मोठा: समायोजन कमी पडतंय, किंवा प्लसचा नंबर राहून गेलाय, किंवा जवळ बघताना डोळे आत वळायला बघतात म्हणून मूल जाणूनबुजून नव्हे पण फोकस सैल सोडतंय. मायनसचा नंबर गरजेपेक्षा जास्त दिला असेल तरी लॅग वाढतो. शून्याखाली, म्हणजे लीड, आली तर समायोजनाचा अतिरेक किंवा आखडणं, किंवा डोळे आत वळवायला कष्ट पडत असल्यामुळे फोकसचा जोर जास्त लावला जाणं.

दोन डोळ्यांत ०.५० किंवा जास्त फरक आला तर आधी लांबचा नंबर पुन्हा तपासा. बहुतेक वेळा एका डोळ्याचा नंबर नीट निघालेला नसतो.

आणि चाळिशी ओलांडलेल्यांवर ही चाचणी करून मोठा लॅग आला तर दचकू नका, ती चाळिशीच आहे.

नोंद अशी: "एमईएम, ३५ सेंमी, लांबच्या पूर्ण नंबरातून, मराठी कार्ड, उजवा +१.२५, डावा +१.२५, वाचताना रिफ्लेक्स अस्थिर." शेवटचे शब्द गाळू नका. रिफ्लेक्स क्षणाक्षणाला मंद-तेज होत असेल तर तीही माहिती आहे.

९. नॉट: चेहऱ्याजवळ भिंग न आणता

काही मुलांना चेहऱ्यासमोर हात आला की वाचणं थांबवावंसं वाटतं. तिथे नॉटची पद्धत वापरा. भोकाचं कार्ड ४० सेंमीवर स्टँडवर स्थिर ठेवा. तुम्ही कार्डाच्या लगेच मागे बसून भोकातून बघा, विथ दिसेल. मूल वाचत असताना हळूहळू मागे सरका, न्यूट्रल झालं की थांबा. आता मुलाच्या डोळ्यापासून रेटिनोस्कोपपर्यंतचं अंतर मोजा.

५० सेंमी आलं तर डोळ्याने २.०० लावले. गरज २.५० ची होती, लॅग ०.५०. ५७ सेंमीला लॅग ०.७५, ६७ सेंमीला १.००, ८० सेंमीला १.२५. दोरीला याच अंतरांवर गाठी मारून ठेवा, हिशेब करावा लागत नाही. अंतर कार्डापासून मोजण्याची चूक सर्रास होते. दोरीचं टोक मुलाच्या डोळ्याच्या कडेशी, दुसरं तुमच्या हातात.

डाउन सिंड्रोमच्या मुलांसाठी मला ही पद्धत मोलाची वाटते. कार्डिफ विद्यापीठात मॅगी वुडहाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की यातली बहुसंख्य मुलं जवळ पुरेसं फोकस करत नाहीत आणि त्यांना बायफोकलचा उपयोग होतो. सेगमेंटची (बायफोकलमधल्या जवळच्या भागाची) वरची रेघ बाहुलीच्या मध्यावर ठेवतात, मोठ्या माणसांसारखी खाली नाही, नाहीतर मूल त्यातून बघतच नाही. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांतही हे आवर्जून तपासा. आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या मुलात समायोजन उरलेलंच नसतं, तिथे जवळचा नंबर देणं विसरू नका.

१०. नावांत फसू नका

'नियर रेटिनोस्कोपी' म्हटलं की काही जण मोहिंद्रा पद्धत समजतात. ती वेगळी. त्यात अंधाऱ्या खोलीत ५० सेंमीवरून तान्ह्या मुलाला रेटिनोस्कोपच्याच दिव्याकडे बघू देतात, आलेल्या आकड्यातून १.२५ वजा करतात, आणि मिळतो तो लांबचा नंबर. आपली चाचणी उजेडात होते, मूल कार्ड वाचतं आणि वजाबाकी नसते. या तंत्राच्या इतिहासातच नावांचा घोळ आहे: १८७३ मध्ये फ्रेंच लष्करी डॉक्टर क्विन्ये यांनी ही सावली पहिल्यांदा नंबरासाठी वापरली तेव्हा त्यांना ती पारपटलावरून येते असं वाटलं होतं, म्हणून त्यांनी नाव दिलं केराटोस्कोपी.

११. आकडा आला, पुढे काय

एकट्या एमईएमवर चष्मा लिहू नका. जवळची कव्हर टेस्ट (डोळा झाकून-उघडून तो हलतो का बघणं), डोळे जुळण्याचा जवळचा बिंदू, समायोजनाची मर्यादा (डोळा जास्तीत जास्त किती फोकस करू शकतो) आणि ±२.०० फ्लिपर (प्लस-मायनस भिंगं आलटूनपालटून धरून फोकस किती चपळ बदलतो ते बघणं) एवढं जोडा. मर्यादेचा किमान अंदाज हॉफस्टेटरच्या सूत्राने निघतो: १५ वजा वयाचा पाव हिस्सा. दहा वर्षांच्या मुलाला १२.५० डायॉप्टर हवेत. मग थेंब घालून नंबर.

लॅग मोठा आणि थेंबांनंतर प्लस निघाला, तर बहुतेक गुंता तिथेच सुटतो. जवळचा ॲड (वाचनासाठी लांबच्या नंबरावर चढवलेला जास्तीचा प्लस) द्यायचा विचार असेल तर तो दोन्ही डोळ्यांपुढे घालून एमईएम पुन्हा करा. +१.०० घातल्यावर +१.२५ चा लॅग +०.२५ किंवा +०.५० वर आला तर ॲड योग्य. न्यूट्रलच्या पलीकडे, अगेंस्टमध्ये गेला तर ॲड जास्त.

लीड दिसत असेल आणि मूल तक्त्यावर मायनस मागत असेल तर घाई अजिबात करू नका. आखडलेला डोळा खोटा मायनस दाखवतो. थेंब घालून नंबर काढल्याशिवाय असा मायनस लिहून देऊ नये, हे मी ठामपणे सांगते. लॅगमुळे मायनस वाढतो का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. मायनसच्या मुलांवरच्या अमेरिकेतल्या कॉमेट या संशोधनाचे निकाल २००३ मध्ये आले, त्यात साध्या चष्म्याच्या तुलनेत प्रोग्रेसिव्ह चष्म्याने तीन वर्षांत फक्त ०.२० डायॉप्टरचा फरक पडला. पालकांना नंबर थांबवण्याचं आश्वासन देऊन ॲड विकू नका. वाचताना त्रास कमी व्हावा म्हणून द्या.

एका डोळ्याचा फोकस अचानक गेला असेल, बाहुल्या लहानमोठ्या असतील, किंवा डोकेदुखीसोबत उलट्या असतील तर चाचण्या वाढवत बसू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवा. मूल कुठली औषधं घेतंय हेही विचारा. पोटदुखीवर दिलं जाणारं डायसायक्लोमीनसुद्धा जवळचं धूसर करू शकतं.

चष्मा दिल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी बोलवा आणि येताना मुलाला शाळेचं पुस्तक घेऊन यायला सांगा. त्याला ते त्याच्या नेहमीच्या अंतरावर धरू द्या, आवडीचा धडा वाचू द्या, तुम्ही पुस्तकाच्या कडेवरून रेटिनोस्कोप धरून नव्या चष्म्यातून रिफ्लेक्स बघा. आईला शेजारी बसवा. मूल किती वेळ न थांबता वाचतं, हे तिलाही तिथेच ऐकू येतं.